हातांत मुरलेला प्रोसेसर

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ सालच्या खेळाची यंत्रभाषा मी एका संध्याकाळी ओळीने वाचायला घेतली, ती निव्वळ कुतूहलापोटी. फिकट निळ्या आभाळाखालची विटकरी जमीन आणि तिच्या डाव्या टोकाशी उभा असलेला तो छोटा माणूस डोळे मिटूनही दिसतो. तो खेळ आतून कसा जागा होतो हे एकदा पाहावे, इतकीच इच्छा होती. यंत्र सुरू झाल्यावर प्रोसेसर जिथून वाचायला लागतो, त्या जागी पहिला बाइट होता ७८ आणि दुसरा डी८ (हे आकडे सोळाच्या पायावर लिहितात). पहिल्याचा अर्थ ‘एसईआय’, म्हणजे बाहेरून येणारे व्यत्यय स्वीकारू नकोस. दुसऱ्याचा अर्थ ‘सीएलडी’, म्हणजे दशमान पद्धतीने बेरीज करणे बंद कर. मी पुढच्या आज्ञेकडे सरकले आणि तशीच मागे आले. निन्तेन्दो कंपनीच्या ज्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी (कन्सोलसाठी) हा खेळ लिहिला गेला, त्याच्या प्रोसेसरला दशमान बेरीज करताच येत नाही. ती सोय त्या चिपमधून काढून टाकलेली आहे. मग जी गोष्ट अस्तित्वातच नाही ती बंद करण्याची आज्ञा खेळाच्या अगदी दुसऱ्या बाइटला कशी आली? या खेळाचा संपूर्ण प्रोग्रॅम ३२ किलोबाइटांत बसवलेला आहे आणि त्यात मोकळी जागा जवळजवळ उरलेली नाही. अशा ठिकाणी, भिंत घालून कायमचे बुजवलेल्या दाराला रोज रात्री कडी लावावी तसा, एक बाइट कोणीतरी आवर्जून खर्च केला होता.

त्या एका बाइटने पुढचे बरेच दिवस माझा पिच्छा सोडला नाही.

त्या आज्ञेचे मूळ शोधायचे तर १९७५ पर्यंत मागे जावे लागते. मोटोरोलातून बाहेर पडलेल्या चक पेडल, बिल मेन्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर तयार केला. सान फ्रान्सिस्कोत वेस्कॉन हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्रदर्शन भरले असताना त्यांनी काचेच्या बरणीत भरलेल्या या चिपा २५ डॉलरला एक अशा विकल्या. त्या काळी इतर कंपन्यांचे तुल्यबळ प्रोसेसर याच्या कित्येक पट महाग होते, आणि बघायला आलेल्या अनेकांना ही किंमत खरी वाटली नाही. स्वस्ताई काटकसरीतून आली होती. सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर; आकडेमोडीसाठी ‘ए’, मोजणीसाठी ‘एक्स’ आणि ‘वाय’ अशी प्रत्येकी एका बाइटची तीन रजिस्टरे, म्हणजे प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे; आणि मेमरीतल्या पहिल्या २५६ बाइटांना इतरांहून लवकर हात घालण्याची एक युक्ती, ज्यामुळे तो कोपरा रजिस्टरांच्या टंचाईची भरपाई करतो. गुणाकार नाही, भागाकार नाही. मात्र एवढ्या हात राखून केलेल्या रचनेतही दशमान बेरजेला जागा मिळाली होती. एका बाइटमध्ये दोन दशमान अंक ठेवावेत आणि प्रोसेसरने त्यांची हातचा धरून बेरीज करावी, अशी ती सोय. तिच्या मांडणीवर एमओएसचे पेटंट होते. फॅमिकॉमसाठी रिको कंपनीने हाच गाभा घेऊन स्वतःची चिप तयार केली तेव्हा या पेटंटची अडचण नको म्हणून ती सोय बाद केली गेली, असा सर्वसाधारण समज आहे. दोन्ही चिपांची सूक्ष्म छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. गाभा तोच, रेषा त्याच, फक्त मोजके ट्रान्झिस्टर जागेवर नाहीत. दशमान स्थिती दाखवणारा बिटही आहे. तो चालू करता येतो, बंद करता येतो, बेरजेला मात्र त्याचा पत्ता नसतो.

एकाच घराण्याचा प्रोसेसर असलेल्या कन्सोलांविषयी मला लहानपणापासून ओढ आहे, पण ‘घराणे’ म्हणजे नक्की काय, याचा विचार मी त्या बाइटपर्यंत कधी नीट केला नव्हता. अटारी २६००, फॅमिकॉम, अटारी ७८००, पीसी इंजिन, सुपर फॅमिकॉम ही यंत्रे शेजारीशेजारी ठेवून खेळली तर त्यांच्यात रक्ताचे नाते आहे असे कोणाला वाटणार नाही. २६०० चे चित्र जाड पट्ट्यांचे आणि झगझगीत, आवाज कर्कश. फॅमिकॉमचे चित्र बारीक चौकड्यांचे, आवाज टोकदार पण गोड. सुपर फॅमिकॉममध्ये तर ढग एकमेकांमागून सरकतात आणि व्हायोलिनसारखे काही वाजते. डोळ्यांना आणि कानांना जे मिळते ते प्रोसेसरच्या भोवती बसवलेल्या चित्राच्या आणि ध्वनीच्या चिपांकडून मिळते. प्रोसेसर स्वतः काहीच रंगवत नाही. त्यामुळे नाते शोधायचे तर पडदा सोडून आज्ञांकडेच पाहावे लागते.

१९७७ सालच्या अटारी २६०० मधला ६५०७ हा मुळात ६५०२ च आहे, फक्त स्वस्त वेष्टनात बसवण्यासाठी त्याच्या ४० पायांऐवजी २८ च पाय बाहेर काढलेले आहेत. मेमरीच्या पत्त्यांसाठी १३ तारा उरल्या, म्हणजे एका वेळी ८ किलोबाइटांपलीकडचे काही दिसत नाही. व्यत्यय आणणाऱ्या तारा तर बाहेर काढलेल्याच नाहीत. सगळ्या खेळासाठी फिरती मेमरी (रॅम) १२८ बाइट. एवढ्यात पूर्ण चित्र साठवणे अशक्य होते, म्हणून टीव्हीचा किरण पडद्यावर आडव्या रेषा काढत जात असतानाच प्रोग्रॅमने पुढच्या रेषेचा मजकूर चित्राच्या चिपला द्यायचा, अशी रचना करावी लागली. एका रेषेला प्रोसेसरचे ७६ ठोके, म्हणजे त्याच्या घड्याळाच्या ७६ टिकटिकी, मिळतात. प्रोसेसरच्या एका ठोक्यात किरण तीन ठिपके पुढे जातो. म्हणजे सर्वांत छोटी, दोन ठोक्यांची आज्ञा पुरी होईपर्यंत सहा ठिपके निघून गेलेले असतात. हे वाचून समजणे निराळे आणि त्या बेताने स्वतः एखादी रेषा आखून पाहणे निराळे. मी कागदावर ठोके मांडत बसते तेव्हा मला घाईची नव्हे, तर एका विलक्षण शांततेची जाणीव होते, कारण तिथे लवकर पोहोचणेही उशिरा पोहोचण्याइतकेच चुकीचे असते. रंग दोन ठोके आधी बदलला तर आभाळ झाडात शिरते. अनेक खेळांत पडद्याच्या डाव्या कडेला काळ्या आखूड रेषांची एक कंगव्यासारखी रांग दिसते. ती वस्तूंची आडवी जागा बारकाईने सरकवण्याच्या आज्ञेची खूण आहे. ती आज्ञा दिली की त्या रेषेचे पहिले आठ ठिपके काळे राहतात. लहानपणी मी ती रांग सजावट समजून पाहत असे. आता ती दिसली की तिथे प्रोसेसरचा हात येऊन गेला आहे हे कळते, आणि ती मला पूर्वीइतकीच सुंदर वाटते.

अशा यंत्रांविषयी बोलताना ‘मर्यादांमुळेच प्रतिभा फुलली’ असे फार सहज म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. डेव्हिड क्रेन यांनी १९८२ च्या ‘पिटफॉल’मध्ये जंगलाचे २५५ पडदे साठवून ठेवले नाहीत, एका बाइटचे बिट ठराविक रीतीने सरकवत प्रत्येक पडदा त्या बाइटमधून उगवेल अशी योजना केली, आणि तीच क्रिया उलटी फिरवली की डावीकडे परतता येते. हे पाहताना मान आदराने झुकते. पण त्याच १२८ बाइटांनी किती कल्पना कागदावरच मारल्या असतील, याची नोंद कुठेही नाही. खेळाची चालू माहिती आणि आज्ञा परतण्याचा पत्ता ठेवणारा स्टॅक हे दोन्ही त्याच १२८ बाइटांत वाटून घ्यावे लागत, त्यामुळे एका उपप्रोग्रॅममधून दुसऱ्याला हाक मारतानाही हात आखडता घ्यावा लागे. टंचाईचे कौतुक तिच्यातून तगून निघालेल्यांकडे बघूनच केले जाते.

आणि याच २६०० मध्ये दशमान बेरीज रोज राबत होती. गुणांमध्ये भर घालायची वेळ आली की ‘एसईडी’ म्हणून दशमान पद्धत चालू करायची, बेरीज करायची आणि लगेच ‘सीएलडी’ म्हणून ती बंद करायची. बाइटमधले दोन अंक सुटे करून पडद्यावर मांडले की झाले. भागाकार नसलेल्या प्रोसेसरवर ही केवढी मोठी सुटका होती. चालू केलेली पद्धत बंद करायला विसरले तर मात्र पुढची प्रत्येक बेरीज, मग ती गुणांची असो की वस्तूच्या जागेची, वेड्यासारखी वागणार. शिवाय ६५०२ ला वीज मिळते तेव्हा दशमानाचा बिट चालू असेल की बंद, याची शाश्वती नसते. म्हणून या प्रोसेसरवर काम करणारा प्रत्येक जण एक सवय लावून घेई: यंत्र जागे झाले की पहिल्या काही आज्ञांतच ‘सीएलडी’ म्हणायचे, मग स्टॅक जागेवर बसवायचा, मग बाकीचे बोलायचे. अटारीच्या कार्ट्रिजांत, म्हणजे खेळ साठवलेल्या डब्यांत, ही सुरुवात पुन्हा पुन्हा भेटते.

फॅमिकॉमची गोष्ट त्यामुळे अधिक रोचक होते. फॅमिकॉम घडवणाऱ्या मासायुकी उएमुरा यांच्या हाताखालच्या मंडळींना खरे तर झेड८० हा प्रोसेसर जवळचा होता. ‘डाँकी काँग’चे आर्केड यंत्र त्यावरच चालत असे. रिकोने ६५०२ चा पर्याय पुढे केला. तो चिपवर जागा कमी घेत होता, म्हणून ध्वनीचे पाच वाहक त्याच सिलिकॉनवर मावत होते. त्या वेळी जपानमध्ये ६५०२ जाणणारे थोडे होते, आणि प्रतिस्पर्ध्यांना नक्कल करणे अवघड जाईल ही त्यातली जमेची बाजू मानली गेली. १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम बाजारात आला, आणि त्याच दिवशी सेगाचा एसजी-१००० हा झेड८० घराण्यातला कन्सोलही. दोन घराण्यांची वाट त्या एका तारखेला जपानमध्ये इतकी स्वच्छ फुटलेली दिसते की ती तारीख मला पाठ करावी लागली नाही.

फॅमिकॉमच्या प्रोसेसरला पाय परत मिळाले होते. चित्राची चिप प्रत्येक चित्र काढून झाले की एका तारेवरून त्याला टोचते. तेवढ्या सुमारे २,२७० ठोक्यांच्या मोकळ्या अवधीत पुढच्या चित्राचे बदल उरकून घ्यायचे, आणि मग खेळाचा विचार करायला उरलेला वेळ आपला. किरणाच्या मागे धावणे संपले. त्याच्या जागी नव्या अडचणी आल्या. एका रेषेवर आठांपेक्षा जास्त हलती चित्रे आली की पुढची दिसतच नाहीत, म्हणून प्रोग्रॅम दर चित्राला त्यांचा क्रम फिरवतो आणि सगळीच आलटूनपालटून लुकलुकत राहतात. गर्दीच्या प्रसंगातली ती लुकलुक, टीव्हीच्या काचेजवळ चेहरा नेला की गालावरच्या लवेला जाणवणारी स्थिर वीज आणि तापलेल्या यंत्राचा वास, हे तिन्ही माझ्या आठवणीत एकत्रच राहतात. रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारा ध्वनिवाहक मेमरी वाचण्यासाठी प्रोसेसरला क्षणभर थांबवतो आणि नेमका त्या क्षणी कंट्रोलर वाचला जात असेल तर एखादा बिट निसटतो. म्हणून अनेक खेळ कंट्रोलर दोनदा वाचून दोन्ही उत्तरे जुळतात का हे पाहतात. आणि दशमान बेरीज गेल्यामुळे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये गुणांच्या प्रत्येक अंकाला स्वतंत्र बाइट दिलेला आहे. नऊच्या पुढे गेला की दहा वजा करा आणि शेजाऱ्याला एक द्या, अशी ती शाळकरी बेरीज प्रोग्रॅमने हाताने केलेली आहे. सगळ्यांत उजवीकडचे शून्य तर मोजलेच जात नाही.

म्हणजे ज्यांनी ही हाताची बेरीज लिहिली, त्यांना ती सोय नाही हे पक्के ठाऊक होते. तरीही ‘सीएलडी’ आहे. फॅमिकॉमच्या बहुसंख्य खेळांत ती आहे.

ती यंत्राची गरज नव्हती, ती हातांची रीत होती. ६५०२ शिकताना जी सुरुवात शिकवली गेली, ती यंत्र बदलले तरी बदलली नाही. पुढे निन्तेन्दोचे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता तरुणपणी कमोडोर पेट या ६५०२ वरच्या संगणकावर प्रोग्रॅमिंग शिकले होते, आणि फॅमिकॉम आला तेव्हा जपानमध्ये दुर्मीळ असलेले ते ज्ञान त्यांच्याकडे आणि एचएएल लॅबोरेटरी या खेळ बनवणाऱ्या कंपनीतल्या त्यांच्या सोबत्यांकडे आयते होते. अमुक ओळ अमुक माणसाने लिहिली असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की एका घराण्यातल्या यंत्रांत सिलिकॉनच्या रेषांइतकेच हे प्रवासही असतात, आणि डी८ या बाइटमध्ये मला तो प्रवास उघड्या डोळ्यांनी दिसला. काही जण म्हणतील की ‘सीएलडी’ ठेवण्यात व्यवहारही आहे, कारण तोच प्रोग्रॅम ६५०२ च्या दुसऱ्या यंत्रावर तपासायचा झाला तर ती आज्ञा कामाला येते. ते खरेच आहे. पण तेही रीतीचेच दुसरे नाव वाटते.

हा धागा हाती लागल्यावर मी बाकीच्या यंत्रांच्या सुरुवाती वाचत सुटले. अटारी ७८०० मध्ये एकच प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झने धावतो आणि २६०० च्या चित्रचिपशी बोलताना वेग उतरवून १.१९ वर येतो, ज्यामुळे जुनी कार्ट्रिजे तिथे जशीच्या तशी चालतात. वडील माणसाशी बोलताना आवाज उतरवावा तसे ते मला वाटत आले आहे. १९८७ च्या पीसी इंजिनमध्ये हडसनने तयार केलेला एचयूसी६२८० आहे, ६५सी०२ या सुधारित आवृत्तीतून वाढवलेला. तो संथ अवस्थेत जागा होतो, म्हणून त्याच्या खेळांची सुरुवात ठराविक असते: एसईआय, मग ‘सीएसएच’ म्हणून ७.१६ मेगाहर्ट्झचा वेग, आणि लगेच सीएलडी. सुधारित ६५सी०२ सुरू होताना दशमानाचा बिट स्वतःहूनच पुसून टाकतो. आज्ञा तरीही ठरल्या जागी हजर.

सुपर फॅमिकॉमविषयी माझ्या मनात अजूनही दोन मते आहेत. नोव्हेंबर १९९० मध्ये आलेल्या या यंत्रातली रिकोची चिप ६५सी८१६ वर आधारलेली आहे. हा सोळा बिटांचा वारस बिल मेन्श यांच्या ॲरिझोनातल्या वेस्टर्न डिझाइन सेंटरने घडवला. वीज मिळाल्यावर हा प्रोसेसर ६५०२ म्हणूनच जागा होतो, आठच बिटांचा, जुन्या रीतीचा. खेळाच्या पहिल्या काही आज्ञांत ‘सीएलसी’ आणि ‘एक्ससीई’ ही जोडी येते, आणि तिने तो आपल्या खऱ्या रूपात जातो. दशमान बेरीजही इथे पुन्हा चालते. या रचनेतला वडीलधाऱ्यांचा मान मला मनापासून भावतो. पण त्याची किंमतही दिसते. स्वस्त कार्ट्रिजातून वाचताना हा प्रोसेसर २.६८ मेगाहर्ट्झवर चालतो, आणि ‘ग्रॅडियस ३’ या अवकाशयुद्धाच्या खेळात पडदा गोळ्यांनी भरला की सगळे अवकाश चिखलात रुतल्यासारखे मंदावते. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या प्रतिस्पर्धी कन्सोलमधला ६८००० हा प्रोसेसर यापेक्षा दुपटीहून अधिक ठोके देतो, असे आकडे लगेच पुढे केले जातात. ६८००० ची छोट्यात छोटी आज्ञा चार ठोके घेते आणि ६५०२ घराण्याची दोन, हे तेव्हा सांगितले जात नाही. मेगाहर्ट्झ समोरासमोर ठेवून दोन घराण्यांचा न्याय करणे मला अन्यायाचे वाटते. तरीही त्या मंदावलेल्या अवकाशात बसून मी कितीतरी वेळा मनात म्हटले आहे की इथे याहून वेगळा प्रोसेसर हवा होता.

निन्तेन्दोने त्यावर शोधलेले एक उत्तर घराण्यातलेच होते. एसए-१ या चिपमध्ये दुसरा ६५सी८१६, तोही १०.७४ मेगाहर्ट्झचा, थेट कार्ट्रिजात बसवण्यात आला. मार्च १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ आरपीजी’त दोन प्रोसेसर एकच भाषा बोलत एकाच वेळी राबतात, एक यंत्रातला आणि एक खेळासोबत आलेला. २०१९ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने ‘ग्रॅडियस ३’ हाच खेळ एसए-१ साठी जुळवून घेतला, आणि तीच गोळ्यांची गर्दी अडखळल्याशिवाय पार झाली. मी तो पाहिला तेव्हा आनंद झाला आणि थोडे चुकल्यासारखेही वाटले. माझी बोटे अजून त्या मंदावण्याच्या हिशेबानेच वळत होती.

१९९६ च्याच जूनमध्ये निन्तेन्दो ६४ आला होता. त्याचा प्रोसेसर एमआयपीएस घराण्यातला, आणि त्याचे खेळ बहुतांशी सी भाषेत लिहिलेले. मी त्यातल्या काहींच्या सुरुवातीही वाचून पाहिल्या आहेत. त्या नीटनेटक्या, सारख्या वळणाच्या आहेत, कारण त्या बव्हंशी कंपायलरने, म्हणजे सी भाषेतून यंत्रभाषा तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने, काढून दिलेल्या आहेत, आणि लिहिणारा आधी कोणत्या यंत्रावर शिकला होता हे त्यांवरून ओळखता येत नाही.